आम्हालाही ग्रुपवर घ्या: बदलापुरातल्या सोसायट्यांना एका भाडेकरूचं खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
कुळगाव-बदलापूर शहरातल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर लागला की तुमच्या नोटीस बोर्डांवर वार्षिक सर्वसाधारण सभेचा कागद लागतो. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, हिशेबपत्रकं मंजूर करणे, लेखापरीक्षकाची नेमणूक, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, आणि सगळ्यात खाली ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. बारा वर्षांत मी बदलापुरातल्या पाच इमारतींत राहिले. पाचही ठिकाणी भाडेकरूंचा विषय अजेंड्यावर छापलेला कधी पाहिला नाही. तो ऐनवेळी निघतो. सभा संपते, मंडळी चहा-वडे घेऊन घरी जातात आणि दोन दिवसांनी लिफ्टशेजारी नवा कागद चिकटतो: ‘सर्व भाडेकरूंना सूचित करण्यात येते की...’

त्या सभेत आम्हाला बसता येत नाही. आम्ही सभासद नाही, म्हणून ते बरोबरच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्याविषयी जे ठरतं, ते ठरण्याआधी आमचं म्हणणं एकदा तुमच्या कानावर पडावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्र सभेच्या आधी लिहिते आहे.

मी परळच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, मधे लाकडी माळा आणि बाहेर मजलाभर लांब व्हरांडा. वडील गिरणीत होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालकाचा माणूस यायचा, भाड्याची पावती फाडायचा आणि आई ती पावती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवायची. आमच्या चाळीत एकजात सगळे भाडेकरू होते. गणेशोत्सवाचा खजिनदार भाडेकरू, नळावरची भांडणं सोडवणाऱ्या काकू भाडेकरू, रात्री कुणाला केईएमला न्यायचं झालं तर टॅक्सी आणायला धावणारी पोरंही भाडेकरूंचीच. ‘भाडेकरू’ हा शब्द पावतीवर असायचा. माणसाला त्या नावानं कुणी हाक मारत नसे. तो शब्द असा तोंडावर टाकला जातो, हे मला २०१३ साली बदलापुरात आल्यावर पहिल्यांदा कळलं. गेटवर वॉचमननं विचारलं, “ओनर की भाडेकरू?” आणि माझं उत्तर ऐकून वहीचं वेगळं पान उघडलं.

आम्ही बदलापूर का निवडलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्यातले बहुतेक जण त्याच कारणानं इथे आले. दोन भावांची लग्नं झाली, खोली पुरेना. नवऱ्याचं काम अंबरनाथच्या एमआयडीसीत, माझं मस्जिद बंदरला एका पेढीत हिशेबाचं. ठाण्यात घर परवडत नव्हतं, डोंबिवलीतही खेचाखेची होती. कात्रपला एक खोली-स्वयंपाकघर मिळालं, खिडकीतून डोंगर दिसायचे आणि महिनाअखेर हातात चार पैसे उरायचे. लोकलमध्ये रोज जायचे-यायचे मिळून तीन-साडेतीन तास जातात, ते आम्ही स्वीकारलं. हे शहर मला आवडतं. जूनमध्ये स्टेशनबाहेर टोपलीतून विकायला येणारी जांभळं आवडतात, पावसातली उल्हास नदी आवडते. मी इथली आहे असं मला वाटतं. तुमच्या वहीतलं ते वेगळं पान मला म्हणूनच बोचतं.

आता नदीवरच येते.

२०१८ मध्ये आम्ही पश्चिमेला, नदीच्या बाजूला राहायला गेलो. तीन मजली जुनी इमारत, तळमजल्यालाही घरं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. २०१९ च्या जुलैचा शेवटचा शुक्रवार. संध्याकाळपासून पाऊस असा लागला होता की गॅलरीतून समोरची इमारत दिसेना. त्याच रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली आणि दुसऱ्या दिवशी हजाराहून जास्त प्रवाशांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. ती बातमी देशभर गेली. आमच्या इमारतीत काय झालं ते सांगते.

रात्री दोनच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला: नदीचं पाणी गेटपर्यंत आलंय, गाड्या काढा, तळमजल्याच्या लोकांनी वर या. मेसेज टाकणारे सभासद भला माणूस. स्वतः भिजत गेटवर जाऊन पाणी बघून आले होते. त्यांनी आपलं काम चोख केलं. पण तो ग्रुप होता सभासदांचा. आमचे घरमालक वसईत झोपले होते, फोन सायलेंटवर. तळमजल्यावर एक म्हातारं जोडपं भाड्यानं राहायचं. त्यांचे मालक परदेशात. मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला खरा, पण तिकडे बसून ते कुणाला उठवणार?

त्या आजींना जाग आली ती पलंगावरून पाय खाली टाकल्यावर. घोटे बुडतील एवढं पाणी घरात होतं. दिवे गेलेले. नंतर त्या मला सांगत होत्या, अंधारात पायाला काहीतरी मऊ लागलं, मला वाटलं उंदीर. ती त्यांचीच स्लीपर होती, तरंगत आलेली. आजोबांना गुडघ्यांचं दुखणं, उठायला आधार लागायचा. त्या ओरडल्या. पहिल्या मजल्यावरचा एक पोरगा (तोही भाडेकरूच, औषधांच्या दुकानात कामाला) धावत खाली गेला आणि त्यानं आजोबांना पाठीवर घेऊन वर आणलं. तोवर पाणी मांडीपर्यंत आलं होतं. सकाळी उतरून पाहिलं तर फ्रिज आडवा होऊन दाराला टेकलेला आणि भिंतीवर विजेच्या बटणांच्या उंचीला चिखलाची सरळ रेघ. आमची स्कूटर पार्किंगमध्ये बुडाली होती. तिचे नऊ हप्ते बाकी होते. स्कूटरचं दुःख मी गिळलं. आजींच्या पायाला लागलेली ती चप्पल मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

कुणी मुद्दाम केलं नाही, हे मला माहीत आहे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण रात्री दोन वाजता इमारतीत जे झोपलेले होते त्यांना सोडून, जे तिथे नव्हतेच त्यांना धोक्याचा निरोप गेला. अशी व्यवस्था कुणीतरी कधीतरी ठरवली होती आणि ती आजही बहुतेक इमारतींमध्ये तशीच चालू आहे. जीवन प्राधिकरणाचं नळाचं पाणी उद्या येणार नाही, टाकी धुणार आहेत, लिफ्ट बंद आहे, जिन्यात साप निघाला, हे सगळं मालकाला कळतं. मग मालक आठवण झाली तर फॉरवर्ड करतो. आमच्या आत्ताच्या इमारतीत २८ घरं आहेत, त्यातल्या ११ घरांत भाडेकरू. म्हणजे निरोप ज्यांना हवा त्यांच्यापैकी ११ घरं त्या निरोपाबाहेर आहेत.

पुढचंही सांगते, कारण त्यात तुमचं काम आहे. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला माणसं आली. राहत असल्याचा पुरावा मागितला. त्या आजी-आजोबांकडे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद होता, तोही मुदत संपलेला. नोंदणी केलेला करार नव्हता. रेशनकार्ड गावचं. त्यांना दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. सोसायटीच्या फाइलमध्ये तोच नोटरीचा कागद लावलेला होता आणि तो चालवून घेतला गेला होता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणीच नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे न नोंदलेला कागद मालकालाच महागात पडतो. खर्च म्हणाल तर आमच्या आत्ताच्या घराचं भाडं ८,५०० आणि डिपॉझिट ४०,०००. अकरा महिन्यांचं एकूण भाडं, त्यात डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज, आणि या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. तीनशे रुपयांच्या आत बसतं. नोंदणी फी एक हजार. बाकी एजंटचे. तो लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, डायनिंग टेबलावर वीस मिनिटांत काम होतं.

तुम्ही आमच्याकडून फॅमिली फोटो मागता, ऑफिसचं ओळखपत्र मागता, जुन्या सोसायटीचा दाखला मागता. यातलं काहीही न मागता फक्त नोंदलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत हट्टानं मागितलीत तर आमचं निम्मं दुःख संपेल. इथे मी तुम्हाला जास्त कडक व्हायला सांगते आहे. नोटरीचा कागद घेऊ नका. मालक कुरकुरला तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट माझ्या मुलीची आहे.

अकरा महिन्यांच्या कराराचं एक गणित मालकांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना ते करावं लागत नाही. करार दर वेळी एक महिना मागे सरकतो. आम्ही चौथ्या घरात १ जून २०२१ ला गेलो. शाळा सुरू होण्याचा महिना, सोयीचा. पहिला करार संपला एप्रिलअखेर, दुसरा मार्चअखेर, तिसरा २९ फेब्रुवारी २०२४ ला. आणि १ मार्च २०२४ ला दहावीची परीक्षा सुरू होणार होती. पहिला पेपर मराठीचा.

मालक चांगले होते. त्यांना आम्ही हवे होतो, भाडं पाचशे वाढवून चौथा करार करायची दोघांची तयारी होती. पण त्या सोसायटीनं सभेत ठराव केला होता की एकाच भाडेकरूला तीन करारांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. मालकांनी जानेवारीत समितीला विनंती केली, मुलीची दहावी आहे, जूनपर्यंत तरी राहू द्या. उत्तर आलं, एकाला सूट दिली तर सगळे मागतील.

नवं घर मिळालं ते चौथ्या मजल्यावर. तिथला नियम असा की भाडेकरूचं सामान फक्त रविवारी, सकाळी दहा ते पाच या वेळात चढवायचं. सामानाला लिफ्ट नाही. वर शिफ्टिंगचे तीन हजार आधी भरायचे. मी पावती मागितली. पावतीवर लिहिलं होतं ‘ऐच्छिक देणगी’. मी रोज दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, त्यामुळे तो शब्द वाचून मला फार वाईट वाटलं. नाकारायची सोय नसलेली रक्कम ऐच्छिक कशी होते?

२९ तारखेला गुरुवार येत होता म्हणून २५ फेब्रुवारीच्या रविवारी आम्ही हललो. टेम्पो पुलाच्या वाहतुकीत अडकला, दोन हमाल आलेच नाहीत. नवरा, मी आणि उरलेले दोघे चार मजले चढ-उतर करत होतो. मुलगी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसून मराठीचं पुस्तक वाचत होती. कुणी कपाट घेऊन आलं की उठायची, भिंतीला चिकटून उभी राहायची, परत बसायची. बोटानं ओळ धरून ठेवलेली, हरवू नये म्हणून. पाच वाजले तेव्हा खाली तीन नग उरले होते: वॉशिंग मशीन, लोखंडी रॅक आणि तिचं अभ्यासाचं टेबल. वॉचमननं हात जोडले, “ताई, मला बोलणी बसतील.” त्याचा दोष नव्हता. सचिवांना फोन केला, ते म्हणाले पुढच्या रविवारी. टेबल आठवडाभर मीटर रूममध्ये राहिलं. तिनं मराठीच्या पेपरचा सगळा अभ्यास पलंगावर पालथं पडून केला, कारण उशा मांडून बसलं की पाठ दुखायची. चांगले मार्क मिळाले तिला. पण म्हणून ते झालं ते बरोबर होत नाही.

तीन करारांचा तो ठराव अनेक इमारतींमध्ये आहे. त्यामागची भीती मला समजते आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. जास्त दिवस राहिला की भाडेकरू हक्क सांगतो, घर खाली करत नाही, ही भीती. ती काही हवेतून आलेली नाही. जुन्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यानं राहत असलेले लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. कित्येक मालकांची घरं कायमची अडकली. त्यांच्या मुलांनी ती गोष्ट ऐकली, नातवंडांनी ऐकली. मी स्वतः पागडीच्या चाळीतली आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यात वर्षानुवर्षं कोर्ट कसं चालतं ते मी लहानपणी घरात ऐकलेलं आहे.

पण आज आपण करतो तो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहण्याच्या परवान्याचा, करार वेगळा आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ सरळ सांगतं की मुदत संपल्यावर जागा परत केली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घेऊ शकतो, आणि राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. लेखी करार हाच त्यातला निर्णायक पुरावा. तीन करार झाले काय किंवा दहा झाले काय, त्यानं मालकीचा एक इंचही हलत नाही. उलट असा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. मालक आणि भाडेकरू दोघांना पसंत असेल तर तो दोन-तीन वर्षांचा का करू नये? आम्हाला दर अकरा महिन्यांनी ब्रोकरला एक भाडं द्यावं लागणार नाही आणि मुलांचं शाळेचं वर्ष मधे तुटणार नाही. तुमच्या इमारतीलाही सतत नवी माणसं येत-जात राहण्यापेक्षा ओळखीची माणसं राहिलेली बरी.

पैशांबद्दल थोडक्यात. घर भाड्यानं दिलं की सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, बोलण्यात आपण नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं त्याला मर्यादा घातली आहे: सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि सेवा शुल्कात मालमत्ता कर धरायचा नाही. उच्च न्यायालयानंही २००७ मध्ये ही मर्यादा योग्य ठरवली. सेवा शुल्क ९०० असेल तर बिनभोगवटा जास्तीत जास्त ९० रुपये. मी ज्या इमारतींत राहिले त्यातल्या एकीत महिन्याला ५०० घेत. मालक ते भाड्यात मिळवायचे, म्हणजे ते आम्हीच भरायचो. वर्षाला चार हजार नऊशे वीस रुपये जास्तीचे. माझ्या मुलीच्या क्लासच्या दोन महिन्यांच्या फीइतके. शिफ्टिंग चार्ज, ‘देणगी’, गणपतीची भाडेकरूंसाठी वेगळ्या दराची वर्गणी, हे सगळं त्याच्या वर. लिफ्टच्या फरशीचं नुकसान झालं तर भरपाई घ्या, मालकाचं सामान चढतानाही घ्या, आम्ही खुशाल देऊ. जे आम्हाला तेच त्यांना असावं, एवढंच.

आता एक गोष्ट सांगते जी सांगताना माझाच हात थांबतो.

२०१५ मध्ये आम्ही दुसरं घर शोधत होतो. एका सोसायटीच्या ऑफिसमध्ये ब्रोकरबरोबर बसलो होतो. आमच्या आधी एक मुस्लिम जोडपं आत होतं, तरुण, कडेवर लहान मूल. सचिवांनी त्यांना सांगितलं, जागा गेली. ते गेले. दरवाजा बंद झाल्यावर सचिव आमच्याकडे वळले, आडनाव विचारलं, घरात मांसाहार रोज होतो का विचारलं आणि म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी आहे, आजच टोकन द्या. तीच जागा. मी काही बोलले नाही. आम्हाला घराची निकड होती, मुलगी सात वर्षांची होती, जुन्या घराचे आठ दिवस उरले होते. आम्ही ते घर घेतलं. तीन वर्षं त्या घरात राहताना त्या बाळाच्या झबल्याचा रंगसुद्धा मला आठवायचा. पिवळा होता.

त्यानंतर मी पाहिलं आहे की दोन परिचारिकांना ‘बॅचलर मुली नको’ म्हणून परत पाठवलं गेलं. त्या दोघी रात्रपाळी करून याच शहरातल्या पेशंटांची काळजी घेत होत्या, आणि रात्री उशिरा येतात हाच त्यांच्यावरचा आक्षेप होता. घटस्फोटित बाईला विचारलं गेलं, भेटायला कोण येतं? घर कुणाला द्यायचं हे मालक ठरवतो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला घर भाड्यानं देताना सोसायटीची आधी परवानगी घ्यावी लागत नाही. सोसायटीला कळवायचं आणि कागद द्यायचे. तुम्ही घेता ती मुलाखत, ते ‘एनओसी’, तो समितीसमोर जोडीनं हजर राहण्याचा रविवार, याला आधार नाही. आणि आधार असता तरी आडनावावरून माणसाला दारातून परत पाठवणं ही वाईट गोष्ट आहे. मी तेव्हा गप्प बसले, म्हणून आज इथे ते लिहिते आहे.

तुमच्या बाजूनंही मी पाहिलेलं आहे. समितीतली माणसं दिवसभर नोकरी करून, लोकलचे धक्के खाऊन रात्री दहाला सोसायटीचे हिशेब घेऊन बसतात, पगार नाही, वर शिव्या. काही भाडेकरू वीजबिल थकवून जातात, जिन्यात पिचकाऱ्या मारतात, रात्री दोनला स्पीकर लावतात. त्यांना जरूर दंड करा. आमच्या मजल्यावर असा एक जण होता तेव्हा तक्रारीवर सही करणारी पहिली मी होते. फक्त जिन्यात थुंकणाऱ्याला थुंकणारा म्हणून पकडा. पाचव्या मजल्यावरचे मालक कुंडीत पान थुंकतात तेव्हा त्याचा ठराव ‘सर्व मालकांना सूचित करण्यात येते की’ असा होत नाही.

आणि आपल्या शहराकडे एकदा नीट बघा. इथल्या कित्येक सदनिका मुंबईकरांनी, ठाणेकरांनी, परदेशी असलेल्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेल्या आहेत. आमच्या एका जुन्या इमारतीचे सचिव स्वतः डोंबिवलीला राहायचे. टाकी भरली की नाही, पंप बिघडला की नाही, हे त्यांना आम्ही फोन करून सांगायचो. सकाळी जिन्यात कचऱ्याची पिशवी कुणी ठेवली, बंद घरातून गॅसचा वास येतोय का, एकट्या राहणाऱ्या आजोबांनी आज दूध घेतलं का, हे त्या इमारतीत जो झोपतो त्यालाच दिसतं. इमारत राखतात ती राहणारी माणसं, मग सातबारा, शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टू कुणाच्याही नावावर असो.

म्हणून तुमच्या येत्या सभेसाठी माझी विनंती आहे. भाडेकरूंचा विषय यंदा ऐनवेळच्या विषयांत नको, अजेंड्यावर छापून घ्या. तीन करारांची मर्यादा घालणारा ठराव असेल तर तो रद्द करा. तेवढं लगेच जमत नसेल, तर दहावी-बारावीचं मूल असलेल्या कुटुंबाला फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत घर बदलायला लावायचं नाही, एवढं तरी ठरवा. सामान चढवायला रविवारची सक्ती काढा, किंवा निदान उरलेले दोन-तीन नग दुसऱ्या दिवशी वर नेऊ द्या. नोंदणीकृत करार सक्तीचा करा. बिनभोगवटा शुल्क दहा टक्क्यांवर आणा. ‘देणगी’ची पावती पुस्तकं बंद करा. भाडेकरूंच्या मुलांची नावं गणपतीच्या कार्यक्रमात आपणहून घाला, ती विचारायला येत नाहीत, लाजतात.

आणि सगळ्यात आधी, अगदी सभेचीही वाट न पाहता, राहणाऱ्यांचा एक वेगळा ग्रुप करा. सभासदांचा ग्रुप तुमचा तुमच्याकडे राहू द्या, त्यात तुमचे हिशेब, तुमचे वाद असतात, ते आम्हाला नकोत. दुसऱ्या ग्रुपवर प्रत्येक घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या एका माणसाचा नंबर असू द्या. पाणी, वीज, लिफ्ट, आग, पूर, एवढ्यासाठीच. याला ठराव लागत नाही, पैसा लागत नाही. वॉचमनच्या वहीतल्या त्या वेगळ्या पानावर आमचे सगळ्यांचे नंबर लिहिलेलेच आहेत.

आमच्या इमारतीची सभा २८ सप्टेंबरला, रविवारी सकाळी गच्चीवर आहे. या पत्राची एक प्रत मी सचिवांच्या हातात देणार आहे, आणि ज्या चार इमारतींमध्ये आधी राहिले त्यांच्या पेटीत एकेक टाकणार आहे. त्या दिवशी मी घरीच असेन. काही विचारायचं असेल तर वर बोलवा, मी येईन.

आपली,
चौथ्या मजल्यावर राहणारी शेजारीण,
बदलापूर पश्चिम